पाण्यातल्या म्हशीचं मोल: इंटरनेट कंपनीच्या आयपीओला अर्ज करण्याआधीचा हिशेब

इंटरनेट कंपनीचा आयपीओ आला, म्हणजे तिचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विक्रीला निघाले, की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिला म्हणतो, "ॲप रोज वापरतो, शेअर घेणारच." दुसरा म्हणतो, "तोट्यातली कंपनी आहे, हात लावू नका." दोघांनीही प्रॉस्पेक्टस, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडलेलं नसतं. तुम्ही या दोघांच्या मधे कुठेतरी असाल, पहिल्यांदाच असा शेअर घ्यायचा विचार करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

उदाहरणं मी मुख्यतः 2021 ची घेतली आहेत. झोमॅटो, नायका, पॉलिसीबझार आणि पेटीएम या चारही कंपन्या त्या एका वर्षात बाजारात आल्या, आणि त्यांचं पुढे काय झालं ते आता सगळ्यांसमोर आहे. कुठला शेअर घ्या किंवा विका, असा सल्ला मात्र इथे मिळणार नाही.

काय काय हाताशी हवं

- पॅन, स्वतःच्या नावाचं डीमॅट खातं, आणि त्याच नावाच्या बँक खात्याला जोडलेलं यूपीआय.
- कंपनीचं रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस, म्हणजे आरएचपी. सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, आणि शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतं. त्याआधी काही महिने मसुदा येतो, तो डीआरएचपी. भाव मसुद्यात नसतो. किंमतपट्टा जाहीर होतो तो अर्ज सुरू होण्याच्या थोडे दिवस आधी.
- एक्सेल किंवा साधी वही. कॅल्क्युलेटर.
- एक मोकळी संध्याकाळ. आरएचपी पाचशे पानांच्या आसपास असतं, पण सगळं वाचायचं नसतं.

## 1. पाचशे पानांतली कुठली वाचायची

पहिल्या पानापासून सुरुवात केलीत तर पन्नासाव्या पानावर झोप लागेल. उद्योगाचा आढावा तर सरळ सोडून द्या. तो बहुतेक वेळा कंपनीनेच पैसे देऊन करून घेतलेल्या अहवालावर उभा असतो, आणि त्यात बाजारपेठ नेहमी प्रचंड वाढणारच असते.

वाचायचं ते असं: पैसे कशासाठी उभारताहेत ते प्रकरण, विक्रीच्या भावाचा आधार सांगणारं प्रकरण, जोखमींची पहिली दहा पानं, तीन वर्षांची आर्थिक पत्रकं आणि भागधारकांची यादी. जोखमींच्या यादीत "आम्हाला तोटा होत आलाय आणि पुढेही होऊ शकतो" हे वाक्य दिसलं म्हणून दचकू नका, ते वकील सगळ्यांना लिहायला लावतात. ज्या जोखमीत आकडे दिलेत, तिथे थांबा. उदाहरणार्थ, मोजक्याच शहरांतून किंवा मोजक्याच ग्राहकांकडून किती टक्के महसूल येतो.

भावाच्या आधाराचं प्रकरण आता पूर्वीपेक्षा बरंच उपयोगाचं झालंय. 2022 च्या शेवटापासून सेबीच्या नियमांनुसार कंपनीला धंद्याची मुख्य मोजमापं तिथे द्यावी लागतात, आणि आयपीओआधीच्या काळात इतरांनी हे शेअर सरासरी किती रुपयांना घेतले तेही सांगावं लागतं. हे कोष्टक अवश्य शोधा. दीड वर्षापूर्वी कुणी 100 ला घेतलेला शेअर तुम्हाला 300 ला देत असतील, तर मधल्या काळात धंद्यात काय तिप्पट झालं, हा प्रश्न तुमच्या वहीत पहिल्या क्रमांकावर यायला हवा.

## 2. शेअरचा भाव विसरा, अख्ख्या कंपनीची किंमत काढा

नवख्या माणसाचा पाय सगळ्यात जास्त इथे घसरतो. झोमॅटो 76 रुपयांना आला, पेटीएम 2,150 ला. "झोमॅटो स्वस्तातला आहे, भरपूर शेअर येतात," असं तेव्हा किती जण म्हणत होते! दर्शनी किंमत, म्हणजे शेअरची कागदोपत्री मूळ किंमत, दोन्हींची 1 रुपयाच. भाव वेगळा, कारण कंपनीचे तुकडे किती केले ते वेगळं.

म्हणून आयपीओनंतरचे एकूण शेअर गुणिले भाव, हा पहिला गुणाकार. झोमॅटोची किंमत त्या हिशेबाने साधारण 60 हजार कोटी येत होती. कर्मचाऱ्यांना द्यायचे शेअर, म्हणजे ईसॉप, धरले तर 64 हजार कोटींच्या आसपास. ते धरायचेच, कारण ते शेअर उद्या बाजारात येणार आणि तुमचा वाटा तेवढा पातळ होणार. पेटीएमची किंमत जवळपास 1.39 लाख कोटी.

आता ही किंमत वर्षाच्या महसुलाशी ताडून बघा. मार्च 2021 ला संपलेल्या वर्षात झोमॅटोचा महसूल 1,994 कोटी होता, म्हणजे किंमत महसुलाच्या तीस पट. पेटीएमचा 2,802 कोटी, म्हणजे पन्नास पट. कंपनी तोट्यात असताना पीई गुणोत्तर, म्हणजे किंमत नफ्याच्या किती पट, ते काढताच येत नाही, म्हणून लोक ही पट वापरतात.

पण या पटीत एक खाच आहे. महसूल प्रत्येक कंपनी वेगळ्या गोष्टीला म्हणते. नायका सौंदर्यप्रसाधनांचा बराचसा माल स्वतः घेऊन विकते, त्यामुळे लिपस्टिकची अख्खी किंमत तिच्या महसुलात येते. झोमॅटोच्या जेवण पोचवण्याच्या धंद्यात बिर्याणीचे पैसे हॉटेलचे, महसुलात येतं ते कमिशन आणि शुल्क. या दोघींची पट शेजारी मांडून "ही स्वस्त, ती महाग" म्हणणं चूक. 2025 मध्ये झोमॅटोच्याच कंपनीची, दहा मिनिटांत किराणा पोचवणारी ब्लिंकिट दुकानदारांचा माल विकून देण्याऐवजी माल स्वतःच्या नावावर घेऊन विकू लागली, तेव्हा मूळ कंपनीचा महसूल एकदम फुगला. त्या वाढीतला मोठा भाग निव्वळ नोंदीच्या पद्धतीचा होता.

1999 मध्ये तर महसुलाची पटही कुणी विचारत नव्हतं. सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीने संकेतस्थळं चालवणारी मुंबईची इंडियावर्ल्ड 499 कोटींना घेतली, तेव्हा संकेतस्थळांना किती लोक भेट देतात यावर किमती ठरत होत्या. आजही एखाद्या आरएचपीत "नोंदणीकृत वापरकर्ते" हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असेल, तर महिन्याला प्रत्यक्ष पैसे खर्च करणारे किती, हे शोधा. दोन आकड्यांतलं अंतर बरंच काही सांगून जातं.

## 3. तुमचे पैसे कुणाच्या खिशात जाणार

आयपीओत दोन प्रकारचे शेअर असतात. नवे शेअर काढले तर पैसे कंपनीत जातात. जुने भागधारक आपले विकत असतील, म्हणजे ऑफर फॉर सेल असेल, तर पैसे त्यांच्याकडे जातात, कंपनीला दमडी मिळत नाही.

झोमॅटोच्या 9,375 कोटींपैकी 9,000 कोटी नवे होते, आणि उरलेले 375 कोटींचे शेअर विकणारी इन्फो एज, म्हणजे नोकरी डॉट कॉमवाली कंपनी. पेटीएमच्या 18,300 कोटींपैकी 10,000 कोटी जुन्या मंडळींचे होते. जुन्या गुंतवणूकदाराने विकणं हा गुन्हा नव्हे. दहा वर्षं थांबलेल्या फंडाला कधीतरी बाहेर पडावंच लागतं. पण धंदा आतून ओळखणारे किती टक्के विकताहेत आणि किती ठेवताहेत, हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं.

## 4. ऑर्डरपासून नफ्यापर्यंत एकेक पायरी उतरा

हे लेखातलं सगळ्यात कष्टाचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचंही.

सगळ्यात वर असतं एकूण ऑर्डरमूल्य. मार्च 2021 ला संपलेल्या वर्षात झोमॅटोवरून 23.89 कोटी ऑर्डर गेल्या, त्यांचं मूल्य 9,483 कोटी. भागाकार करा: सरासरी ऑर्डर जवळपास 397 रुपयांची. आदल्या वर्षी 40 कोटींच्या वर ऑर्डर होत्या आणि सरासरी 280 च्या आत. म्हणजे ऑर्डरी जवळपास 40 टक्के घटल्या आणि ऑर्डरचा आकार मात्र वाढला. टाळेबंदीत एकट्याचा डबा बंद झाला आणि घरचे चौघं मिळून मागवू लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आता पुढची पायरी. एका ऑर्डरमागे सगळे थेट खर्च, म्हणजे पोचवणाऱ्याचे पैसे, सवलती, पेमेंटचा खर्च वगैरे वजा जाता काय उरतं? कंपनीनेच दिलेला आकडा: आदल्या वर्षी ऑर्डरमागे 30.5 रुपयांची खोट, आणि त्या वर्षी 20.5 रुपये शिल्लक. आयपीओची सगळी जाहिरात या उडीवर उभी होती.

इथे वहीत दोन रकाने करा. एकात लिहा, ही सुधारणा टिकाऊ असेल तर का. सवलती कमी झाल्या, ग्राहकाला सवय लागली, एका फेरीत जास्त डबे जाऊ लागले. दुसऱ्यात लिहा, ती महामारीपुरती असेल तर का. ऑफिसं उघडली की एकट्याच्या छोट्या ऑर्डरी परत येतील, सरासरी खाली येईल, आणि पोचवण्याचा खर्च काही त्या प्रमाणात कमी होणार नाही. दोन्ही रकाने प्रामाणिकपणे भरता आले तर कंपनी तुम्हाला बरीच समजली. एकच रकाना भरत असेल, तर तुमचा निर्णय आधीच झालेला आहे.

सगळ्यात खाली उतरलात की "ॲडजस्टेड एबिटडा" नावाचा प्राणी भेटतो. व्याज, कर आणि घसारा हे खर्च न धरता मोजलेला हा नफा, आणि त्यात ईसॉपचा खर्चही धरलेला नसतो. कंपनीचं म्हणणं, तो रोखीचा खर्च नाही. मला हा युक्तिवाद पटत नाही. पगाराऐवजी शेअर दिले, तर पगार तुमच्या वाट्यातून गेला, एवढाच फरक. ईसॉपचा खर्च वजा करून नफा-तोटा बघा.

आणि "पहिला नफा" ही बातमी आली की इतर उत्पन्नाची ओळ वाचा. झोमॅटोने एप्रिल ते जून 2023 च्या तिमाहीत 2 कोटींचा पहिला निव्वळ नफा दाखवला, त्याच तिमाहीत इतर उत्पन्न 181 कोटी होतं. त्यातलं बरंचसं पडून असलेल्या पैशांवरचं. कंपनीने काही लपवलं नव्हतं, सगळं पत्रकात होतं. मथळे वाचणाऱ्यांना तेवढं दिसलं नाही.

## 5. उलटा हिशेब मांडा

"या शेअरची खरी किंमत किती?" असं विचारू नका. पाण्यातल्या म्हशीचं मोल काठावरून करायचं तर पाय किती, शिंगं कशी यावर तास जातो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारा: मागताहेत ती किंमत रास्त ठरायची असेल, तर दहा वर्षांत काय काय घडावं लागेल?

झोमॅटोच्या 60 हजार कोटींवर मांडून बघू.

- वर्षाला 13 टक्के परतावा हवा. दहा वर्षांत पैसे साधारण 3.4 पट व्हायला हवेत. म्हणजे कंपनी 2 लाख कोटींच्या थोडी वर जायला हवी.
- तेव्हा ती एक स्थिरावलेली कंपनी असेल आणि बाजार तिला नफ्याच्या 30 पट देईल असं धरू. मग वर्षाचा नफा सुमारे 6,800 कोटी हवा.
- करानंतर महसुलाच्या 20 टक्के नफा उरतो असं उदारपणे धरलं, तर महसूल 34 हजार कोटी.
- आयपीओच्या वेळी 1,994 कोटी. म्हणजे सतरा पट. दहा वर्षं दरसाल जवळपास 33 टक्के वाढ.
- मधल्या काळात नवे शेअर निघाले, तर लक्ष्य आणखी वर.

आता प्रश्न हातात धरण्याजोगा झाला. आकडा अशक्य नाही, पण एकही वर्ष वाया घालवायची मुभा त्यात नाही. 13 च्या जागी 10 टक्के, 30 च्या जागी 40 पट घालून पाहा. गृहीतक थोडं हललं तरी उत्तर किती उड्या मारतं ते कळेल, आणि टीव्हीवर कुणी "लक्ष्य 143 रुपये" असं छातीठोक सांगितलं की हसू येईल.

## 6. वाद घाला, पण गृहीतकांवर

न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी जुलै 2021 मध्ये झोमॅटोचं मूल्य शेअरमागे 41 रुपयांच्या आसपास काढलं. शेअर 23 जुलैला 115 च्या आसपास उघडला, तेव्हा त्यांची भरपूर थट्टा झाली. वर्षभराने, जुलै 2022 मध्ये भाव 41 च्या घरात आला, तेव्हा त्यांना द्रष्टा ठरवण्यात आलं. मग 2024 मध्ये भाव 200 च्या वर गेला आणि थट्टा पुन्हा सुरू. मला हे तिन्ही सूर पोकळ वाटतात. त्यांच्या कामाचा खरा उपयोग असा, की बाजार किती मोठा होईल, त्यात वाटा किती, कमिशन किती आणि शेवटी मार्जिन, म्हणजे महसुलात नफ्याचा वाटा, किती, हे सगळं त्यांनी उघड मांडलं होतं. कुणालाही एक आकडा बदलून स्वतःचं उत्तर काढता येत होतं. तुमचा वाद तसा असू द्या. "कंपनी भारी आहे" याला उत्तर देता येत नाही. "दहा वर्षांत 20 टक्के मार्जिन" याला देता येतं.

शिवाय मधल्या काळात कंपनीच बदलली. 2022 मध्ये ब्लिंकिट घेतली, 2025 मध्ये नाव इटर्नल झालं. 2021 च्या वादात दहा मिनिटांत किराणा हा धंदा फारसा कुणाच्या हिशेबात नव्हता. ब्लिंकिटचे पैसे शेअर देऊन चुकवले गेले, म्हणजे जुन्या भागधारकांचा वाटा पातळ झाला, हेही त्याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला लिहायला हवं.

"ॲमेझॉनसुद्धा तोट्यातच होती" हे वाक्य वादात येणारच, त्याची तयारी ठेवा. खरं आहे. ॲमेझॉन मे 1997 मध्ये 18 डॉलरला बाजारात आली आणि पहिला तिमाही नफा 2001 च्या शेवटी दिसला. पण डिसेंबर 1999 च्या शिखरावर ज्याने शेअर घेतला, त्याने 90 टक्क्यांहून जास्त घसरण पाहिली आणि तो भाव परत दिसायला 2009 उजाडलं. कंपनी उत्तमच होती, घेतलेला भाव वाईट होता. आणि ॲमेझॉनचं नाव घेणारे पाळीव प्राण्यांच्या वस्तू विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमचं घेत नाहीत. ती फेब्रुवारी 2000 मध्ये बाजारात आली आणि नोव्हेंबरात तिचं दुकान बंद झालं.

## 7. अर्ज करताना

हा भाग सोपा. ब्रोकरच्या ॲपवरून किंवा बँकेच्या नेट बँकिंगमधून अर्ज होतो. रक्कम खात्यातच अडकून राहते, शेअर मिळाले तरच कापली जाते. लहान गुंतवणूकदाराने "कट-ऑफ" निवडावं, म्हणजे ठरेल तो भाव मान्य.

अर्ज बाद होण्याची नेहमीची कारणं: यूपीआय दुसऱ्याच्या खात्याचं, एका पॅनवर दोन अर्ज, किंवा यूपीआयची मंजुरी शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत न देणं. घरच्यांच्या नावाने अर्ज करायचा तर त्यांचं डीमॅट आणि त्यांचंच बँक खातं वापरा.

कंपनी सेबीच्या नफ्याच्या निकषात बसत नसेल, तर लहान गुंतवणूकदारांसाठी जास्तीत जास्त 10 टक्केच हिस्सा असतो, किमान 75 टक्के मोठ्या संस्थांना जातो. त्यामुळे लॉटरी लागली नाही म्हणून हळहळू नका. शेअर मिळेनात म्हणजे तो चांगला, असंही नाही. पेटीएमला लहान गुंतवणूकदारांचा प्रतिसाद दुपटीच्याही आत होता, शेअर बऱ्याच जणांना मिळाले, आणि पहिल्याच दिवशी भाव 27 टक्के खाली बंद झाला.

ग्रे मार्केट प्रीमियम, म्हणजे शेअर बाजारात येण्याआधी बाहेर बोलला जाणारा जास्तीचा भाव, बघून अर्ज करू नका. तो बाजार अनौपचारिक आहे, तिथल्या भावाला कुणी बांधील नाही. आयपीओआधी अनलिस्टेड, म्हणजे अजून बाजारात न आलेले, शेअर विकणाऱ्यांपासूनही जपून. तिथे चढ्या भावाने घेतलेला शेअर आयपीओत स्वस्त निघू शकतो, आणि वर सहा महिने विकताही येत नाही.

## 8. लॉक-इनची तारीख कॅलेंडरवर लिहा

शेअर मिळाले नसतील, तर ही पायरी तुमच्यासाठीच आहे. आयपीओआधीच्या भागधारकांना काही काळ विकायला बंदी असते. आता बहुतेकांसाठी ती सहा महिने आहे. अँकर गुंतवणूकदारांचे, म्हणजे आयपीओ खुला होण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे, निम्मे शेअर 30 दिवसांनी मोकळे होतात, उरलेले 90 दिवसांनी. झोमॅटोच्या वेळी मुदत वर्षाची होती. 23 जुलै 2022 ला ती संपली, दोन दिवसांनी बाजार उघडला तेव्हा शेअर एका दिवसात 11 टक्क्यांच्या आसपास पडला. त्या दिवशी धंद्यात काहीही बिघडलं नव्हतं. विकायला आलेले शेअर वाढले होते, बस.

नायकाने तर 2022 मध्ये लॉक-इन संपण्याच्या सुमारासच एकास पाच बोनस, म्हणजे एका शेअरमागे पाच फुकट, दिला, आणि त्या वेळेच्या निवडीवर बरीच टीका झाली. बोनसमुळे कंपनीची किंमत पैशानेही वाढत नाही, हे दुसऱ्या पायरीवरचा गुणाकार करून स्वतःच पडताळा.

तुमच्या उलट्या हिशेबाला भाव परवडत नसेल, तर आयपीओ सोडून द्या आणि या तारखांपर्यंत थांबा. तोवर दोन तिमाहींचे निकालही आलेले असतात, आणि तेव्हाचे आकडे आयपीओसाठी नटवलेले नसतात.

## 9. घेतल्यानंतर

दर तिमाहीला चौथ्या पायरीतले चार-पाच आकडे वहीत उतरवा. कंपनी एखादं मोजमाप देणं अचानक बंद करते किंवा त्याची व्याख्या बदलते, तेव्हा तळटीप वाचा. पाचव्या पायरीत लिहिलेल्या वाढीच्या मागे कंपनी सलग पडत असेल, तर भाव काहीही असो, हिशेब नव्याने मांडा.

कराचं लक्षात ठेवा. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के, वर्षानंतर विकलं तर वर्षाला 1.25 लाखांच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. हे दर 23 जुलै 2024 पासूनचे. तोटा झाला तर तो आठ वर्षं पुढे ओढून नंतरच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण त्यासाठी त्या वर्षाचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं. उशिरा भरलं तर ती सवलत जाते.